त्याले कोन इचारस?

तौलनिक राज्यशास्त्राचा पहिला तास बहुतेक ठिकाणी ॲरिस्टॉटलपासून सुरू होतो. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यांच्या घटना गोळा केल्या. त्यातली अथेन्सची तेवढी हाती लागली, तीही इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरून १८९१ साली छापली गेली. खानदेशातल्या बी.ए.च्या वर्गांना मीही बरीच वर्षं हाच विषय याच क्रमाने शिकवला. ॲरिस्टॉटल, मग ब्रिटनची संसदीय पद्धत, मग अमेरिकेची अध्यक्षीय, मग फ्रान्स, मग स्वित्झर्लंड. मुलं टिपणं उतरवून घेत आणि परीक्षेत दोन पद्धतींतले फरक ओळीने लिहीत.

पारोळा तालुक्यातून एसटीने येणाऱ्या एका मुलीने एकदा मध्येच थांबवून विचारलं, "सर, आमचा सरपंच यातल्या कोणत्या पद्धतीत बसतो?" मी म्हटलं, तुमच्या गावाने तो थेट मतदानाने निवडलाय, म्हणजे अध्यक्षीय पद्धतीच्या जवळ. ती म्हणाली, "आणि शेजारच्या गावाचा? तिथे सदस्यांनी निवडलाय." मग तो संसदीय पद्धतीच्या जवळ. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझे आजोबा म्हणतात, कसाबी निवडा, निवडी आना मंग त्याले कोन इचारस?"

या विषयावरची बरीच पुस्तकं मी वाचली आहेत. त्या म्हाताऱ्या माणसाने विचारलं त्याहून नेमका प्रश्न मला त्यांत क्वचित सापडला. हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

आधी त्या दोन गावांची गोष्ट समजून घेऊ, कारण ती तिच्या तालुक्यापुरती नाही. जुलै २०१७ मध्ये राज्य सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. त्या वर्षअखेरीस ज्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या तिथे लोकांनी सरपंचासाठी वेगळं मत दिलं. २०२० च्या सुरुवातीला सरकार बदललं होतं, नव्या सरकारने ती पद्धत रद्द केली. त्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये ज्या गावांत मतदान झालं तिथे सरपंच पुन्हा सदस्यांतून आला. जुलै २०२२ मध्ये आणखी एक सरकार आलं आणि थेट निवड परत आली. परिणामी २०२३ साली एकाच तालुक्यात, एकाच शिवाराला लागून असलेल्या दोन गावांत दोन वेगळ्या शासनपद्धती चालू होत्या. जमीन तीच काळी, पीक तेच कापसाचं, पावसाचा तुटवडाही तोच. फरक एवढाच, की एका गावाची निवडणूक २०२१ मध्ये आली आणि दुसऱ्याची २०२२ मध्ये.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तुलनेची जी रीत सांगितली ती हीच: दोन उदाहरणं अशी निवडा की बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी, मग परिणामातला फरक त्या एका गोष्टीमुळे पडला का ते पाहा. देशांची तुलना करणाऱ्यांना अशी जोडी सहसा मिळत नाही. ब्रिटन आणि अमेरिका शेकडो बाबतींत वेगळे आहेत. आमच्या जिल्ह्यांत मात्र अशा जोड्या पडल्या आहेत. जळगाव जिल्ह्यात अकराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत, धुळ्यात पाचशेहून अधिक. आमच्या विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थ्याने या जोड्यांवर प्रबंध लिहावा असं मला मनापासून वाटतं. मात्र त्याने 'कोणता सरपंच जास्त कामं करतो' एवढंच मोजू नये. ग्रामसभेत किती प्रश्न विचारले गेले, किती उत्तरं इतिवृत्तात लिहिली गेली, तहकूब सभा किती झाल्या, हे मोजावं.

असं का म्हणतो त्याचं कारण ४ नोव्हेंबर १९४८ च्या एका भाषणात आहे. संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना केली. त्यांचं म्हणणं असं, की लोकशाहीतल्या सरकारला दोन गोष्टी साधायच्या असतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही पूर्णपणे साधणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य जास्त देते. ब्रिटिश पद्धतीत सरकार केव्हाही पडू शकतं, पण त्याची तपासणी दोनदा होते: पाच वर्षांनी मतदार करतात ती एक, आणि सभागृहात प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून रोज होते ती दुसरी. मसुदा समितीने रोजच्या तपासणीची पद्धत पसंत केली, कारण आपल्या देशाला तिची गरज जास्त आहे असं त्यांना वाटलं. के. टी. शहांसारख्या सदस्यांनी अध्यक्षीय पद्धतीचा आग्रह धरला होता, तो मान्य झाला नाही.

म्हणजे आजोबांचा प्रश्न आणि बाबासाहेबांचा निकष एकच आहे. निवडून कसा आला हा नंतरचा प्रश्न. आधी हे पाहायचं, की निवडून आल्यावर त्याला विचारायची सोय कुठे आहे.

थेट सरपंचाच्या बाजूने जे बोललं जातं ते मी हलकं मानत नाही. ज्यांनी सदस्यांतून सरपंच निवडण्याचे दिवस पाहिलेत त्यांना सदस्यांची पळवापळवी ठाऊक आहे. निकालाच्या रात्रीच सहा-सात जण गाडीत बसून गावाबाहेर जातात आणि निवडीच्या सकाळीच उगवतात. गावाने ज्याला मनोमन सरपंच मानलं तो एका मताने बाजूला पडतो. थेट निवडीने ही बाजारपेठ बंद होईल असं लोकांना वाटलं आणि त्यांनी ती पद्धत आनंदाने स्वीकारली. त्यांचा राग खरा होता.

पण २०१७ च्या दुरुस्तीत थेट सरपंचाला संरक्षणही मिळालं. पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने त्याच्यावर अविश्वास आणता येत नाही. मधल्या काळात आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत, आणि मग ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्याला मान्यता द्यायला हवी. ग्रामसभेची मान्यता ही तरतूद मला उत्तम वाटते, ज्याने नेमलं त्यानेच काढावं. त्रास दुसरीकडे आहे. सदस्यांना सरपंचाला हलवता येत नाही आणि सरपंचाला सदस्यांचं बहुमत लागतं. दोघेही लोकांनीच निवडलेले. 'मला गावाने निवडलं' असं दोघंही म्हणू शकतात आणि दोघंही खरं बोलत असतात. हुआन लिंझ या स्पॅनिश अभ्यासकाने १९९० साली लॅटिन अमेरिकेतल्या अध्यक्षीय देशांचा विचार करताना नेमका हाच दोष सांगितला: दोन केंद्रं, दोघांना जनतेचा कौल, आणि भांडण मिटवायला वर कोणी नाही. फ्रान्समध्ये १९८६ साली अध्यक्ष मित्तराँ एका बाजूचे आणि पंतप्रधान शिराक दुसऱ्या बाजूचे असा प्रसंग आला, त्याला तिथे 'सहवास' म्हणतात. फ्रान्सच्या घटनेने दोघांची कामं बऱ्यापैकी वाटून दिली होती म्हणून गाडा चालला. आपल्याकडे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं असं झालं की विकासकामांचे ठराव अडतात आणि पालिकेचं भांडण जिल्हाधिकाऱ्याच्या दारात जातं.

इस्रायलचा अनुभव आम्हाला त्याहून जवळचा आहे. छोट्या पक्षांच्या ओढाताणीला कंटाळून त्या देशाने १९९२ साली कायदा केला, की पंतप्रधान थेट लोकांनी निवडायचा. १९९६ साली पहिली थेट निवडणूक झाली. मतदाराच्या हातात आता दोन मतं होती. पंतप्रधानपदासाठी तो मोठ्या पक्षाला मत देई आणि संसदेसाठी निर्धास्तपणे आपल्या छोट्या गटाला. मजूर पक्ष आणि लिकुड यांच्या मिळून १९९२ मध्ये १२० पैकी ७६ जागा होत्या, १९९९ मध्ये त्या ४५ वर आल्या. ओढाताण कमी व्हायची ती वाढली. २००१ साली कायदाच रद्द केला. तीन निवडणुका, तीन पंतप्रधान, आणि प्रयोग संपला. महाराष्ट्रातही थेट निवडीने सौदेबाजी थांबली नाही. ती उपसरपंचाच्या निवडीत, समित्यांच्या वाटपात आणि ठेक्यांच्या ठरावात गेली.

तरी इस्रायल आणि महाराष्ट्र यांत एक मोठा फरक आहे. इस्रायलने एकदा बदल केला, अनुभव घेतला आणि एकदाच मागे आला. आपल्याकडे थेट नगराध्यक्ष २००१ साली आला, २००६ च्या सुमारास त्याच आघाडीच्या राज्यात गेला, २०१६ साली परत आला, २०२० साली गेला, २०२२ साली पुन्हा आला. २०२० मध्ये पद्धत रद्द झाली तेव्हा एकनाथ शिंदे नगरविकास मंत्री होते, २०२२ मध्ये ती परत आणणाऱ्या सरकारचे ते मुख्यमंत्री होते. हे कोणा एकाचा दोष म्हणून सांगत नाही. प्रत्येक सरकारने आपल्या पक्षाला जी पद्धत फळेल ती निवडली. शहरांत एकाच चेहऱ्यावर मतं मिळत असतील तर थेट निवड, गल्लोगल्ली कार्यकर्त्यांचं जाळं असेल तर सदस्यांतून. प्रभागांचंही तसंच, कधी एक सदस्य, कधी तीन, कधी चार. चार सदस्यांच्या प्रभागात गटार तुंबली तर कोणाकडे जायचं हे मतदाराला ठरवता येत नाही, आणि चौघांनाही 'ते दुसऱ्याचं काम' म्हणायची सोय होते.

हे होऊ शकतं, कारण ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीत एक पोकळी राहिली आहे. कलम २४३ सी नुसार गावचा सरपंच कसा निवडायचा ते राज्याचं विधिमंडळ ठरवतं. नगराध्यक्ष आणि महापौर यांचंही कलम २४३ आर मध्ये तसंच. पण जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडून आलेल्या सदस्यांतूनच आला पाहिजे हे त्याच २४३ सी ने पक्कं केलंय. कोणत्याही सरकारला उद्या झेडपीचा अध्यक्ष थेट निवडायचा झाला तर घटनादुरुस्ती लागेल. म्हणून जिल्हा परिषद १९६२ पासूनच्या साच्यातच चालू राहिली आहे आणि सरपंच, नगराध्यक्ष मात्र दर सरकारागणिक हलतात. देशाची शासनपद्धत रातोरात बदलली तर रस्त्यावर माणसं उतरतील. गावाची पद्धत सहा वर्षांत तीनदा बदलली आणि गावाला कोणी विचारलंही नाही.

आता जळगाव शहराकडे येतो, कारण तिथे आणखी खोलची गोष्ट दिसते.

ऑगस्ट २०१८ मध्ये जळगाव महापालिकेची निवडणूक झाली. ७५ पैकी ५७ जागा भाजपला, १५ शिवसेनेला, ३ एमआयएमला. इतकं स्पष्ट बहुमत शहराने क्वचितच दिलं असेल. १८ मार्च २०२१ रोजी, कोरोनामुळे ऑनलाइन झालेल्या मतदानात, शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. भाजपचे २७ नगरसेवक दुसऱ्या बाजूला गेले होते. राज्यभर चर्चा झाली ती 'कार्यक्रम कोणी केला' याची, जणू ती कुस्ती होती. १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हतेचा कायदा आहे, पक्षादेश आहे, गटनेता आहे, तरीही एका रात्रीत सत्तांतर झालं. संसदीय पद्धतीचं हे सर्वात कुरूप रूप आहे आणि थेट निवडीची मागणी अशाच प्रसंगांतून जन्मते.

जर्मनीने यावर एक उपाय केलाय. तिथल्या १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या ६७ व्या कलमानुसार नुसता अविश्वास आणता येत नाही. नवा चॅन्सेलर कोण ते त्याच ठरावात सांगावं लागतं आणि त्याला बहुमत मिळालं तरच जुना जातो. १९७२ साली असा ठराव दोन मतांनी पडला, १९८२ साली हेल्मुट कोल याच मार्गाने आले. सरकार पाडणारे आणि चालवणारे एकच असावेत, आणि हे उघड्यावर व्हावं, एवढीच त्यामागची कल्पना. आपल्या नगरपालिकांना ही तरतूद लागू केली तर पळवापळवी संपणार नाही, पण पाडापाडीची जबाबदारी नावानिशी घ्यावी लागेल.

पण समजा हे सगळं केलं. जळगावचा महापौर थेट निवडला, किंवा त्याच्यावर जर्मन पद्धतीचा अविश्वास लागू केला. शहराच्या कारभारात काय बदलेल? फार थोडं, कारण कारभार महापौराकडे नाहीच. १९४९ च्या महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताला दिले आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. महापौर सभा चालवतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून मान घेतो. त्याचं पद पंतप्रधानाच्या नव्हे, राष्ट्रपतीच्या जवळचं आहे. याच जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली जळगावातून आमदार झाल्या आणि २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. मानाचं पद आणि अधिकाराचं पद यांतलं अंतर जळगावकरांना कोणी वेगळं समजावून सांगायला नको. तरी आपण मानाच्या पदासाठी ४५ आणि ३० मतं मोजत बसतो. पालिकेच्या सतरा मजली इमारतीत अधिकार कुठल्या दालनात आहे ते फारसं बघत नाही.

अमेरिकेतही अनेक शहरांत नेमलेला व्यवस्थापक कारभार बघतो. ओहायोतल्या डेटन शहराने १९१३ च्या महापुरानंतर ती पद्धत घेतली. पण तिथे व्यवस्थापकाला नगरसभाच नेमते आणि तीच काढते. आपल्या कायद्यात एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला तर सरकारने आयुक्ताला परत बोलवायचं असतं, पण पुढचा कोण येणार यावर शहराचा काही अधिकार नाही. नेमणूक मुंबईची, बदली मुंबईची, आणि जाब विचारायचा जळगावकरांनी.

हे लिहिताना मला फैजपूर आठवतं. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या या गावात राष्ट्रीय सभेचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, मांडणी नंदलाल बोस यांची होती, धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजींसारख्या माणसांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. अधिवेशनाची चित्रं, बांबूचे मंडप, लोटलेली गर्दी यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. तिथे झालेल्या ठरावाविषयी कमी. तो ठराव शासनपद्धतीबद्दलचा होता. १९३५ चा कायदा फैजपूरने नाकारला आणि प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीची मागणी केली. नाकारण्याचं एक कारण काय होतं? प्रांतांत लोकांनी निवडलेले मंत्री बसणार होते, पण नेमलेल्या गव्हर्नरच्या हातात 'विशेष जबाबदाऱ्या' राहणार होत्या. खुर्ची निवडून आलेल्याची, शेवटचा शब्द नेमलेल्याचा. फैजपूरहून जळगाव पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. ज्या रचनेला फैजपूरने नकार दिला तिच्या जवळची रचना आज जळगाव आणि धुळे या आमच्या दोन्ही महापालिकांत चालू आहे आणि तिच्याविरुद्ध साधा ठरावही कोणी करत नाही.

ही रचना आली कुठून तेही पाहण्यासारखं आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं. एका अधिकाऱ्याकडे महसूल, न्याय आणि बंदोबस्त एकवटला. १८८८ च्या मुंबईच्या पालिका कायद्याने आयुक्ताचं पद पक्कं केलं आणि १९४९ च्या कायद्याने तोच साचा इतर शहरांसाठी घेतला. स्वातंत्र्यानंतर आपण दिल्ली आणि मुंबईसाठी पद्धत निवडली. शहरांसाठी मात्र जी होती तीच पुढे चालवली.

इथे मी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. जळगावच्या घरकुल योजनेतला गैरव्यवहार उजेडात आला तो २००६ साली महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली म्हणून. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यांत अनेक माजी नगरसेवक होते. शिक्षा झालेल्यांनी पुढे अपिलं केली. पण फिर्याद निवडून आलेल्या सभागृहाने दिली नव्हती, नेमलेल्या अधिकाऱ्याने दिली होती. निवडून आलेल्यांकडेच सगळे अधिकार असते तर ती फिर्याद कोणी दिली असती? हा प्रश्न मला अनेक वर्षं सलतो. माझं उत्तर असं, की हिशेब तपासणारा आणि कारभार करणारा हे दोघं वेगळे हवेत. तपासणाऱ्याला पूर्ण स्वातंत्र्य द्या, त्याची बदली कोणाच्या फोनवर होऊ देऊ नका. पण तपासणीसाठी आवश्यक असलेल्या स्वातंत्र्याच्या नावाखाली सगळा कारभारच नेमलेल्याला देऊ नका. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली तर त्याच्या स्वतःच्या कारभाराची फिर्याद कोण देणार?

गेल्या काही वर्षांत आपण हे नुसतं कल्पनेत नव्हे, प्रत्यक्ष अनुभवलं. इतर मागासवर्गाच्या आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तिहेरी कसोटी लागू केली, त्यानंतर प्रभागरचनेचे वाद आले आणि निवडणुका लांबत गेल्या. २०१६ साली निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. जळगाव झेडपीत मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला. जळगाव महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, धुळ्याची डिसेंबरमध्ये. घटनेचं कलम २४३ यू सांगतं, की पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असं सांगावं लागलं, तेव्हा डिसेंबरमध्ये नगरपालिकांचं आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांचं मतदान झालं. नगरपालिकांच्या गावांत जवळपास चार वर्षं ना संसदीय पद्धत होती, ना अध्यक्षीय. स्थायी समिती आणि महासभा या दोघांचे ठराव प्रशासक एकटा करत होता.

या काळात मला सर्वांत जास्त खटकलं ते लोकांचं गप्प राहणं. 'काही फरक पडला नाही' असं मी भुसावळमध्ये ऐकलं, अमळनेरमध्ये ऐकलं, धुळ्याच्या देवपुरातल्या चहाच्या टपरीवरही ऐकलं. लोकांना फरक जाणवला नाही, याचा अर्थ नगरसेवक असतानाही त्यांना जाब विचारता येत नव्हता. सभागृह होतं तेव्हाही ते त्यांचं वाटलं नव्हतं. हे कळण्यासाठी चार वर्षं प्रशासक लागला.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला मात्र वेगळं दिसतं. नव्वदच्या दशकापासून या आदिवासी गावाने आपलं जंगल स्वतः राखलं. नियम गावाने केले, राखण गावाने केली, दंड गावाने ठरवला आणि भरून घेतला. २००४ पासून तिथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, जंगल राखल्यावर त्यातून काय मिळतं हे बायका ताटात मांडून दाखवतात. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथे सरपंच थेट की सदस्यांतून या प्रश्नाने फारसं बिघडत नाही, कारण विचारणारं गाव तिथेच समोर बसलेलं असतं. १९९६ च्या पेसा कायद्याने साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जे अधिकार दिले तेही याच दिशेचे आहेत. स्वित्झर्लंडच्या काही कॅन्टनमध्ये लोक वर्षातून एकदा चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात, ते मी वर्गात अनेकदा रंगवून सांगितलं. बारीपाडा सांगायला मात्र मला बरीच वर्षं लागली, याचं वाईट वाटतं.

बारीपाडा सगळीकडे होणार नाही हे मला कळतं. चार-पाच लाखांचं शहर चौकात बसून चालत नाही. पण काही गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. निवडीची पद्धत बदलणारा कोणताही कायदा लगेचच्या निवडणुकीला लागू होऊ नये, त्यापुढच्या निवडणुकीला व्हावा. अमेरिकन काँग्रेसचे सदस्य स्वतःचं वेतन वाढवतात ते मधे एक निवडणूक गेल्याशिवाय त्यांना मिळत नाही, तसा नियम त्यांच्या घटनेत १९९२ पासून आहे. आपल्या सोयीचा कायदा आपल्याला वापरता येणार नाही हे ठाऊक असलं तर सरकारं पद्धत बदलण्याआधी दोनदा विचार करतील. दुसरं, महासभेत पहिला तास प्रश्नांचा असावा, उत्तर आयुक्ताने किंवा मुख्याधिकाऱ्याने लेखी द्यावं आणि ते दुसऱ्या दिवशी पालिकेच्या फलकावर लागावं. शहरातल्या क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात २००९ साली आली, पण तो शब्दही बहुतेक मतदारांच्या कानावर पडलेला नाही. आणि ग्रामसभा. कायद्याने वर्षाला किमान चार. गणसंख्या पंधरा टक्के किंवा शंभर, जी कमी असेल ती. गणसंख्या भरली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. त्यामुळे गावच्या वर्षभराच्या कामांना पाच-दहा माणसांच्या सह्यांनी मंजुरी मिळते. तहकूब सभेलाही निदान निम्मी गणसंख्या लागेल एवढी दुरुस्ती केली तरी फरक पडेल.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी प्रकल्पाचं काम बदललं. ब्रिटन-अमेरिकेच्या तक्त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गावच्या चार ग्रामसभांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागवायची आणि त्यांत किती प्रश्न नोंदले आहेत ते मोजायचं. पहिल्या वर्षी बत्तीस मुलांपैकी एकोणीस जणांना इतिवृत्त मिळालं. बहुतेकांच्या रकान्यात एकच वाक्य होतं: 'सर्व विषय एकमताने मंजूर.' पारोळ्याच्या त्या मुलीच्या गावच्या दोन ऑक्टोबरच्या सभेत मात्र एक प्रश्न नोंदलेला होता. नळाच्या पाण्याचं टेंडर कोणाला दिलं आणि कितीला, असा. विचारणाऱ्याच्या नावापुढे अंगठा होता. उत्तराचा रकाना कोरा होता. तिने प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर तो कागद चिकटवला आणि खाली लिहिलं, की पुढच्या सभेला, सव्वीस जानेवारीला, ती आजोबांबरोबर जाणार आहे.